नोंद नसलेला अर्ज

माझ्या मुलीला स्वतःची सही आहे हे मला एका सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, शाळेच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो असताना कळलं. सही म्हणजे नुसतं नाव लिहिणं नव्हे. नाव ती चार वर्षांची असल्यापासून लिहिते, आमच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं आहे. ही सही होती. पहिलं अक्षर मोठं, मधलं माझं नाव एका अक्षरात आवळून टाकलेलं, आडनाव घाईघाईने एका रेषेत विरघळलेलं आणि खाली तिरका फराटा. शेजारी वर्ग आणि तुकडी लिहिली होती म्हणून तरी मी ओळखली. अशी सही एका दिवसात येत नाही. वहीच्या मागच्या पानांवर शंभरदा गिरवावी लागते, हाताला वळण लावावं लागतं. हे सगळं तिने कधी केलं? आमच्या घरात दोन खोल्या आणि एक टेबल. त्याच टेबलाच्या एका बाजूला मी पेपर वाचतो आणि दुसऱ्या बाजूला ती अभ्यास करते. पंधरा वर्षं मी तिच्यासमोर बसलो आहे आणि मला पत्ता नाही. त्रेसष्ट सह्यांमध्ये ती दुसरी होती. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सही तिथेच होती.

अर्ज भोंग्याने आणून दिला होता. भोंगा म्हणजे मुलीची जिवाभावाची मैत्रीण. खरं नाव हजेरीपटात आहे, पण तिला त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघत नाही. आवाज असा, की ती तळमजल्यावर बोलायला लागली की तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतं. माझी मुलगी याच्या अगदी उलट. घरात आहे की नाही ते दिव्याचं बटण बघून ठरवावं लागतं. तिला भोंग्याने मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चपला न काढता सरळ आमच्या घरात आलं. आता तिची आईही मुंगी म्हणते, मीही म्हणतो. तर भोंगा त्या सकाळी खिडकीशी आली, कोट गळ्यापर्यंत बंद, नाकावर घाम. "काका, अर्ज आहे. सरांना द्यायचा." मी म्हटलं, मुख्याध्यापक सर मीटिंगला गेलेत, ठेव. ती घुटमळली. "पोच वगैरे असते ना काहीतरी? आई म्हणत होती, सही-शिक्का घेतल्याशिवाय येऊ नकोस." मग स्वतःच हसली. "पण मुंगी म्हणाली, तिथे बाबा बसलाय, त्याच्याकडे काय पोच मागतेस, त्याला वाईट वाटेल." मीही हसलो. मग तिने आवाज खाली आणला, म्हणजे इतर माणसं बोलतात तितका केला. "आणि काका, ती घरी तुमच्याशी यावर एक अक्षर बोलणार नाहीये. तुम्हाला ऑफिसात त्रास नको म्हणून. तुम्हीपण विचारू नका तिला." मी म्हटलं, बरं बरं, पळ, तास सुरू झाला. ती गेली. मला वाटलं, सहलीचा वगैरे अर्ज असेल.

अर्ज चांगला लिहिला होता. बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचतो आहे. त्यांच्यात कृपेची आणि विनंतीची इतकी गर्दी असते की माणसाला नक्की काय हवंय ते हुडकावं लागतं. इथे पहिल्याच ओळीत होतं: उन्हाळ्यात मुलींना कोटाची सक्ती नको. आमच्या शाळेचा कोट जाड निळ्या कापडाचा, गळ्यापर्यंत बटणांचा. ऊन तापायला लागलं की मुलग्यांना तो माफ होतो. मुलींना बारा महिने. का, तर शालीनता. हा शब्द माझ्या ओळखीचा होता, कारण ते परिपत्रक तीन वर्षांपूर्वी मीच टाईप केलं होतं आणि सरांच्या मसुद्यातली शालीनतेची वेलांटी मीच दुरुस्त केली होती. पुढे लिहिलं होतं, की गेल्या महिन्यात प्रार्थनेच्या वेळी आठवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. पर्यवेक्षिका बाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, वहीने वारा घातला, पण कोटाची बटणं काढली नाहीत, कारण समोर मुलगे उभे होते. हे मी पाहिलं होतं. पाण्याची बाटली मीच धावत नेली होती. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता कागदावर वाचलं आणि ती बंद बटणं दिसली. शेवटी लिहिलं होतं, आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर नवव्या दिवशी आम्ही कोट न घालता शाळेत येऊ. हे सगळं मी वाचू शकलो. पण त्याच्या आधी, तिसऱ्या परिच्छेदात, एक वाक्य होतं. "आमच्यापैकी एकीच्या वडिलांचे केस ते शाळेत असताना सगळ्यांसमोर कापले गेले होते. ते ही गोष्ट आजही हसत हसत सांगतात, पण सांगताना त्यांचा हात डाव्या कानावर जातो आणि गोष्ट संपेपर्यंत तिथेच राहतो."

माझे दोन्ही हात टेबलावर होते. मी मुद्दाम बघून खात्री केली. कानात मात्र कुणीतरी थाप मारल्यासारखं घुमत होतं आणि समोर शिपाई काहीतरी विचारत होता ते मला ओठांवरून कळत होतं, ऐकू येत नव्हतं. ती गोष्ट मी चौदा वर्षांचा असतानाची. कानावर केस आले होते, एवढाच गुन्हा. कवायतीच्या मास्तरांनी स्टेजवर बोलावलं, हस्तकलेच्या वर्गातून पुठ्ठा कापायची कात्री मागवली आणि फक्त डावी बाजू कापली. उजवी घरी जाऊन बापाकडून कापून घे, म्हणाले. सकाळचे आठ वाजले होते. शाळा दोनला सुटायची. सगळे हसले म्हणून मीही हसलो, आणि हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठ्याने मी. ते हसणं मी पुढे चालूच ठेवलं. कॉलेजात ही गोष्ट सांगितली, नोकरीला लागल्यावर सांगितली, लग्न झाल्यावर बायकोच्या भावांना सांगितली तेव्हा ते लोळायचे बाकी होते. मी कात्रीचा आवाज काढतो, मास्तरांची मान हलवून दाखवतो. मुलीने ती पन्नासदा तरी ऐकली असेल, पाच वर्षांची असल्यापासून. ती दर वेळी हसायची, आणि हसता हसता माझ्या हाताकडे बघत होती. मला तो हात माहीतच नव्हता. माझ्याच घरात, माझ्याच ताटाशी बसून कुणीतरी दहा वर्षं माझ्याकडे बघत होतं, आणि आता ते टाईप करून, खाली त्रेसष्ट सह्या घेऊन, माझ्याच खिडकीतून आत आलं होतं.

पुढे जे झालं ते माझ्या हाताने केलं. मी केलं असं म्हणायला अजूनही जीभ वळत नाही. ऑफिसात एक साधा नियम आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, रजिस्टरात आवक क्रमांक द्यायचा, मग तो कागद सरांपुढे. ज्याला आवक क्रमांक नाही तो कागद आलेला नाही. मग तो टेबलावर समोर पडलेला का असेना. या नियमाला मी जिवापाड जपलं आहे. आलेल्या लग्नपत्रिकांनाही मी क्रमांक दिलेले आहेत, त्यावरून शिक्षकांच्या खोलीत माझी टिंगल होते. त्या सकाळी पुढचा क्रमांक चारशे अठरा होता. मी पेन उचललं, आणि चारशे अठरासमोर बाकं दुरुस्त करणाऱ्या सुताराचं पत्र नोंदवलं, जे अर्जाच्या नंतर आलं होतं. अर्ज मी सर्वांत खालच्या खणात, कोऱ्या दाखल्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला आणि खणाला कुलूप लावलं. मग उठून हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं.

स्वतःला समजावायला कारणं पुष्कळ होती. शाळेच्या नोकराची मुलगी म्हणून तिला इथे प्रवेश मिळालेला. शेवटचं वर्ष, तोंडावर परीक्षा. पोरींचं डोकं तापलंय, चार दिवसांत थंड होईल. ही सगळी कारणं खरी होती आणि यातल्या एकाही कारणासाठी मी तो कागद लपवला नव्हता. मला फक्त एवढंच दिसत होतं, की सर तो अर्ज वाचताहेत, तिसऱ्या परिच्छेदाशी थांबताहेत, चष्मा कपाळावर चढवताहेत. सर वाईट माणूस नाहीत. गुडघे दुखतात म्हणून हल्ली जिन्यावर बसून घेतात, कुणाला लाजत नाहीत. त्यांनी मला चहाला आत बोलावलं असतं आणि मऊ आवाजात विचारलं असतं, "अहो, हे तुमचं का?" आणि मग मला ती गोष्ट सांगावी लागली असती. हसत हसत. आणि या वेळी हाताचं काय करायचं ते मला कळलं नसतं.

घरी दोघांच्याही तोंडाला कुलूप. तिने शब्द पाळला. मी विचारलं नाही. स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, त्याच्यावर रोजच्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका पडायला लागला. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते, तिच्या नजरेतून बारीक काही सुटत नाही. "अहो, हे ठिपके कसले? दूध तर रोज येतंय." मी म्हटलं, मला काय माहीत. मुंगी खाली मान घालून जेवत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि ते हसू माझ्यासाठी होतं, आपल्या दोघांचं गुपित असल्यासारखं. मला गेल्या वर्षीचं आठवलं. भोंग्याचा कोट सायकलच्या साखळीत अडकून फाटला होता आणि नवा शिवून यायला चार दिवस होते. कोटाशिवाय फाटकातून आत नाही हा नियम. या दोघींनी चार दिवस एका कोटावर काढले. मुंगी कोट घालून आत यायची, मागे सायकली लावतात तिथल्या जाळीच्या फटीतून कोट बाहेर द्यायची आणि भोंगा तो चढवून समोरच्या फाटकातून आत. मुंगीचा कोट भोंग्याला जेमतेम कोपरापर्यंत यायचा, बटणं तर लागायचीच नाहीत, ती दप्तर छातीशी धरून चालायची. पर्यवेक्षिका बाईंना पत्ता लागला नाही, कारण त्या कोट आहे की नाही एवढंच बघतात, कोटात कोण आहे ते बघत नाहीत. मी ऑफिसच्या खिडकीतून चारही दिवस हा खेळ पाहिला आणि कुणाला बोललो नाही. तेव्हा गप्प बसताना किती हलकं वाटलं होतं. तेच तोंड, तीच खिडकी.

पाचव्या दिवशी मी कुलूप काढलं आणि अर्ज बाहेर घेतला. आज नोंदवू, म्हटलं, अजून तीन दिवस आहेत. पण अर्जावर तारीख होती सोमवारची. आजचा क्रमांक द्यायचा तर मधले दिवस कागद कुठे होता हे सांगायला हवं. सोमवारचा क्रमांक द्यायचा तर चारशे अठरावर सुतार बसलेला, चारशे एकोणीसवर आणखी कुणी. रजिस्टरात मधे जागा नसते, तशी ती ठेवायचीच नसते, हे नव्या माणसाला शिकवणारा मीच. मी अर्ध्या तासात तो कागद तीनदा वर काढला आणि तीनदा खाली ठेवला. सहाव्या दिवशी ते आणखी अवघड झालं, सातवा रविवार, आणि आठव्या दिवशी मी त्या खणाकडे पाय लांब करून बसणंही सोडलं. त्याच संध्याकाळी मुंगीने स्वतःचा शर्ट इस्त्री केला, कॉलर दोनदा केली. कोट खुंटीवरच होता. "बाबा, उद्या मी लवकर जाईन." मी म्हटलं, का गं? "असंच." मग ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि न सांगता चहा करून आणला. माझ्या उशिरा लक्षात आलं. तिला वाटत होतं, सर अर्ज दाबून बसलेत आणि बिचारा बाबा आतल्या आत सोसतोय, बोलता येत नाही त्याला. ती मला सांभाळत होती. तो चहा मी प्यायलो, सगळा.

नवव्या दिवशी फाटकाशी त्रेसष्ट मुली पांढऱ्या शर्टांत उभ्या राहिल्या. मला खिडकीतून फक्त पांढरं दिसत होतं. पर्यवेक्षिका बाई आधी गांगरल्या, मग ओरडल्या, मग एकेकीच्या घरी फोन करायची धमकी दिली. तेव्हा एकामागून एक दप्तरं उघडली आणि आतून कोट निघाले. उरल्या तेरा. सर गुडघ्यावर हात ठेवत खाली आले. "असं न सांगतासवरता? आधी येऊन बोलायचं तरी." आणि भोंगा ओरडली, "सांगितलं होतं सर! अर्ज दिलाय आम्ही! आठ दिवस तुम्ही दाबून ठेवलात आणि आता आम्हालाच विचारताय? खोटं बोलताय तुम्ही!" तिन्ही मजल्यांवरच्या खिडक्यांत डोकी आली. मी सरांचा चेहरा पाहिला. सर कधी मुद्दाम चेहरा करतात ते मला इतक्या वर्षांनी कळतं. हा केलेला नव्हता. भर शाळेसमोर थोबाडीत बसल्यासारखे ते नुसते उभे होते. "कुठला अर्ज?" ते म्हणाले, तेही कुजबुजल्यासारखं. मी त्या क्षणी उठून बाहेर जायला हवं होतं. पंचवीस पावलं असतील. मी खुर्ची मागे सरकवली, ती कशाला तरी अडली, आणि तेवढ्यात मी पुन्हा बसलो.

दुपारी सरांच्या खोलीत बोलावलं. भोंगा उभी, तिची आई खुर्चीच्या कडेला बसलेली. ती रुग्णालयात नर्स आहे, कामावरून तशीच आली होती, पायांत आवाज न होणारे पांढरे बूट. मुंगी आणि बाकीच्या व्हरांड्याच्या पार टोकाला, तिथून आतलं काही ऐकू येत नाही. सर आईला सांगत होते, "कोटाचं मी समजू शकतो, मुलं आहेत. चार दिवस घरी बसवून सोडलं असतं. पण सगळ्या शाळेसमोर मला खोटारडा म्हटलं तिने. अर्ज आला असता आणि मी बघितला नसता तर मी तिची माफी मागितली असती, हो, सगळ्यांसमोर." आई म्हणाली, "साहेब, माझी मुलगी मोठ्याने बोलते. खोटं बोलत नाही." मग सर माझ्याकडे वळले. "अहो, तुम्हीच सांगा. आला होता असा काही अर्ज?" माझ्या हातात आवक रजिस्टर होतं. भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं तिला, आता काका सांगतील आणि संपेल. मी रजिस्टर उघडलं, पानावरून बोट फिरवलं, अगदी सावकाश, जणू मला माहीत नव्हतं. आणि माझ्या तोंडून आलं, "रजिस्टरला नोंद नाही, सर." वाक्य खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

भोंग्याचं तोंड उघडं राहिलं. त्या तोंडातून आता आवाज येणार, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणार, म्हणून मी अंग आवळून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने मान वळवून दाराच्या काचेतून व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं, जिथे मुंगी भिंतीला टेकून नखं खात होती. पुन्हा माझ्याकडे. मग सरांना म्हणाली, "मी दिलाच नसेल, सर. माझ्या दप्तरात राहिला असेल. चूक माझी आहे." इतक्या हळू आवाजात बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिची आई खुर्चीतून अर्धी उठली. "अगं, काय बोलतेस? तू तर मला..." "राहिला, आई. विसरले मी." नर्सबाई मुलीच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली, आजार कळत नसताना रोग्याकडे बघावं तशी. सरांनी डोळे मिटून घेतले. हिचा शाळा सोडल्याचा दाखला संध्याकाळपर्यंत तयार ठेवा, मला म्हणाले. बाराजणींना समज देऊन सोडा.

मी दाखला लिहायला घेतला. खालचा खण उघडला, गठ्ठ्यातला वरचा कोरा दाखला उचलला. त्याच गठ्ठ्याखाली तो होता. खिडकीत भोंगा येऊन उभी राहिली, आई सरांच्या खोलीत सह्या करत होती. काही वेळ ती माझं लिहिणं बघत होती. "काका, वर्तणुकीत काय लिहिलंत?" मी म्हटलं, चांगली. "सरांनी तसं सांगितलं?" मी म्हटलं, सर सही करताना बघत नाहीत. "थँक्यू," ती म्हणाली. खरंच म्हणाली, मनापासून. माझ्या हातातलं पेन कागदावर टेकलं आणि तिथे शाईचा डाग पसरायला लागला. मी विचारलं, "का केलंस असं?" तिने खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडला. "ती तुमच्याबद्दल इतकं बोलते ना काका, बाबा असा, बाबा तसा. मला कधीकधी राग येतो तिचा. माझ्याकडे सांगायला तसं कुणी नाही." मग म्हणाली, "मी तिला सांगितलंय, अर्ज मीच दिला नाही म्हणून. तुम्ही घरी काही बोलू नका." निघाली, आणि परत वळली. "ते केसांचं वाक्य मुंगीचं होतं. मी म्हटलं होतं काढ, काकांना बरं वाटणार नाही. ती म्हणाली, बाबाला आजपर्यंत कुणी सांगितलंच नाहीये की ते चुकीचं होतं. कुणीतरी सांगायला नको का?"

ती गेली. शिपायाने दिवे घालवले आणि मग मी आहे असं बघून पुन्हा लावले. मी तो कागद नऊ दिवस माझी बेअब्रू म्हणून लपवला होता. आणि तो होता काय, तर एका मुलीने बापाची घेतलेली बाजू. छत्तीस वर्षांपूर्वी त्या स्टेजवर माझ्या बाजूने एक माणूस बोलला असता तर मी काय झालो असतो मला ठाऊक नाही. आता एक बोलली होती, आणि मी तिला कुलूप लावलं होतं. हे मला कळलं तेव्हा मी रडलो वगैरे नाही. वॉशबेसिनशी जाऊन मी नळ सोडून उभा राहिलो.

घरी गेलो तेव्हा मुंगी कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. बायको अजून दुकानातून यायची होती. "बाबा, आता बोललं तर चालेल ना?" मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. माझे गुडघे वाजले. "तिने अर्ज दिलाच नव्हता. नऊ दिवस मी ठिपके काढत बसले आणि त्या बाईसाहेबांच्या दप्तरात अर्ज. तेराजणी वेड्यासारख्या उभ्या राहिलो. आणि सरांना खोटारडं म्हणून मोकळी." तिचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र चिरत चालला होता. "मी तिला काय काय बोलले माहितीये? सगळ्यांसमोर म्हटलं, तुझा नुसता आवाज मोठा आहे, बाकी तू काही नाहीस. म्हटलं, माझ्या घरी पाऊल टाकू नकोस परत. आणि ती गप्प. ती कधी गप्प बसते का? आज बसली. नुसती बघत होती." मग तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, लहानपणी टाकायची तसं, सगळं वजन सोडून. "एवढंच तर करायचं होतं तिला. तुझ्या हातात द्यायचा होता. तुझ्या हातात आला असता ना, तर हे झालंच नसतं."

मला फक्त गप्प बसायचं होतं. इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. भोंग्याने सगळी व्यवस्था लावून ठेवली होती, दाखला लिहून झाला होता, सरांची सही झाली होती. दोघी मोठ्या झाल्या असत्या, एकमेकींना विसरल्या असत्या, आणि हे डोकं असंच माझ्या खांद्यावर येत राहिलं असतं. तिच्या केसांना दिवसभराच्या उन्हाचा वास येत होता.

"दिला होता," मी म्हणालो. "माझ्याच हातात दिला होता. त्याच सोमवारी. मी खणात ठेवला."

तिचं डोकं लगेच उचललं गेलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही बहुतेक. मग खांद्यावरचं वजन कमी होत गेलं, इतक्या सावकाश, की कुठल्या क्षणी ते गेलं ते मला सांगता येणार नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "तिला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. "सरांसमोर तू काय म्हणालास?" मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "आणि मग तिने?" मी तेही सांगितलं. ती उठली. मला वाटलं होतं ओरडेल, काहीतरी फेकेल, निदान रडेल. तिने खुंटीवरची पिशवी घेतली, दाराशी गेली आणि चपलेत एक पाय घातला. "मी तिच्याकडे जाते."

"मीही येतो," मी म्हटलं.

"नको. तू उद्या सरांकडे ये. अर्ज घेऊन. तिची आई असेल, मी असेन, सगळ्यांसमोर सांग. येशील?"

"हो," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली, एक पाय चपलेत, एक जमिनीवर. पहिल्यांदाच तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग परत आली, टेबलावरची तिची वही उघडली, कोरं पान माझ्याकडे केलं आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यावर ठेवलं.

"अगं, हो म्हटलं ना मी," मी म्हणालो.

"ऐकलं," ती म्हणाली. "लिहून दे."